वज्रबाहूचा घण कुणी हलका केला?

बातमीदाराच्या वहीत बातम्या ओळींवर लिहिलेल्या असतात आणि किस्से समासात. बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जाते, समास मात्र भरत राहतो. तीस वर्षं जालना जिल्ह्यात बातमीदारी केली, मोर्चे पाहिले, निवडणुका पाहिल्या, टँकरचे घोटाळे उकरले. पण गेल्या दीड वर्षात माझे समास तुडुंब भरले ते एका मोबाईल गेममुळे! हसा खुशाल. आमचे संपादकही हसले होते.

आमची टीम चौघांची, नाव ‘मोसंबी मंडळ’. रफिकभाई एमआयडीसीतल्या लोखंडी सळयांच्या री-रोलिंग मिलमध्ये क्रेन चालवतात. साळवे सर भोकरदनच्या शाळेत गणित शिकवतात. सुमनताई बियाण्यांच्या प्लांटमध्ये लॅबला आहेत. चौथा मी. रविवारी सकाळी एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या एका चहाच्या हॉटेलात आम्ही जमतो. गेमचं नाव मी छापणार नाही. त्यांची फुकट जाहिरात मी का करू?

●

मी या गेममध्ये शिरलो तो त्याच्याविरुद्ध लिहायला. ‘मोबाईलच्या नादानं कामगार वाया’ असा मथळासुद्धा तयार होता. हॉटेलात रफिकभाई दिसले, शिफ्ट संपवून आलेले, अंगठे फोनवर. म्हटलं, हाच आपला वाया गेलेला कामगार.

विचारलं, “किती पैसे घालवले यात?”

“एक रुपया न्हाई, पत्रकारसाब. गेम बिलकुल फुकट हाय.”

“मग कंपनी कमावते कशी?”

“खेळायला फुकट. जिंकायला खर्चा!”

मथळा तिथंच मेला. समजून घ्यायला म्हणून गेम फोनवर घेतला आणि आठवड्याभरात घरात माझ्यावरच तो मथळा लागला.

●

या गेममध्ये योद्धे असतात. काही दुकानात विकत मिळतात, काही रोज खेळून, घाम गाळून फुकट मिळवता येतात. रफिकभाईंनी आठ महिने रोज खेळून ‘वज्रबाहू’ नावाचा योद्धा मिळवला होता. हातात घण, एका घावात समोरचा आडवा. ते त्याला लाडानं ‘वज्रू’ म्हणायचे.

एका गुरुवारी गेम उघडला, तर वज्रूला एकाच माणसाला पाडायला तीन घाव लागले. सूचना आली होती: ‘खेळ सर्वांसाठी समान मजेचा राहावा म्हणून वज्रबाहूची ताकद संतुलित केली आहे.’ याला ते लोक बॅलन्स म्हणतात. त्याच सूचनेच्या खाली दुसरी होती: ‘नवी योद्धा विद्युल्लता आता दुकानात! किंमत ८९९.’ तिची वीज एका फटक्यात तिघांना लोळवत होती.

रफिकभाईंनी फोन टेबलावर ठेवला. “उद्या माझ्या क्रेनची ताकद मालकानं अर्धी केली आणि बाजूला भाड्याची क्रेन उभी केली, तर त्याला काय बॅलन्स म्हणायचं?”

मी त्याच वेळी वहीत प्रश्न लिहिला: वज्रबाहू का कमजोर केला? उत्तर घेतल्याशिवाय सोडायचं नाही, असं रफिकभाईंना सांगितलं. ते म्हणाले, “पत्रकारसाब, तुम्ही कलेक्टरला सोडलं न्हाई. ही तर कंपनी!”

●

संपादकांसमोर बातमी ठेवली. त्यांनी चष्मा काढला.

“मोबाईलमधल्या पहिलवानाचा घण हलका झाला. ही बातमी?”

“व्यापाऱ्यानं काट्यात मारलं तर पहिल्या पानावर घेता. यानं तर आठ महिने मेहनत करून घेतली आणि मग माप बदललं.”

“पुरावा काय? आणि कंपनीची बाजू कुठं आहे?” चष्मा पुन्हा चढला. “दोन्ही आणा, मग छापतो.”

रागावून बाहेर आलो, पण म्हातारा बोलला ते बरोबर होतं. त्याच दिवशी कंपनीला पहिला मेल टाकला. दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘प्रिय योद्ध्या, तुमच्या प्रेमाबद्दल आभार!’

दुसरा टाकला, तिसरा टाकला. प्रत्येक वेळी प्रेमाबद्दल आभार. तीस वर्षांत मला उत्तर टाळणारे बरेच अधिकारी भेटले. पण एवढ्या प्रेमानं टाळणारा कुणी भेटला नव्हता!

●

सुमनताईंचा भाऊ दिगंबर, कुंभार पिंपळगाव या गावी शेती करतो. दुकानातलं काही घेऊ नको, हे आमचं त्यानं ऐकलं नाही. आठवडी बाजाराच्या दिवशी, भाजी घ्यायला गेलेला माणूस पिंपळाखाली उभा राहून ८९९ रुपयांची विद्युल्लता घेऊन आला! तीन आठवडे गावात त्याच्यासारखा राजा नव्हता. आम्हाला फोन करून चिडवायचा, “तुमचा वज्रू अजून जिता हाय का?”

चौथ्या आठवड्यात दुकानात ‘कालभुजंग’ आला, विद्युल्लता खेळून फुकट मिळायला लागली आणि तिची वीज दिवाळीच्या फुलबाजीएवढी झाली.

दिगंबरनं कंपनीला स्वतः लिहिलं. ते पत्र मी जपून ठेवलंय: ‘मी बाजारातून बैल घेतला. पैसे रोख दिले. तीन आठवड्यांनी विकणारा माझ्या गोठ्यात आला आणि बैलाचा एक पाय काढून घेऊन गेला. वर म्हणतो, बाकीच्या बैलांना वाईट वाटत होतं. असं कुठं असतंय?’

उत्तर आलं: ‘प्रिय योद्ध्या, तुमच्या प्रेमाबद्दल आभार! भेट म्हणून ही पन्नास नाणी.’

दिगंबर खूश झाला. दुकानात गेला. सगळ्यात स्वस्त वस्तू साठ नाण्यांची होती. आणि नाणी सुटी मिळत नव्हती, शंभराचंच पाकीट घ्यावं लागत होतं.

●

साळवे सरांना राग येत नाही, ते तक्ता करतात. जुन्या उत्तरपत्रिकांच्या पाठकोऱ्या कागदांवर त्यांनी एक वर्षाचे सगळे बदल मांडले. एका रविवारी भोकरदनच्या एसटीतून उतरले, जयभीम घातला आणि कागद पसरला.

“बघा. योद्धा फक्त दुकानात असतो तोवर त्याला कुणी हात लावत नाही. तोच फुकट मिळायला लागला की त्याची ताकद कापतात. दरवेळी.”

रफिकभाई म्हणाले, “सर, मंग पुढचा नंबर कुणाचा ते सांगा की!”

सरांनी एका चिठ्ठीवर काहीतरी लिहिलं, घडी घातली आणि हॉटेलवाल्याच्या साखरेच्या डब्याखाली ठेवली. “गुरुवारचे बदल आले की उघडा.”

पुढच्या रविवारी चिठ्ठी उघडली. ‘कालभुजंग. फुकट होईल आणि त्याच आठवड्यात कापला जाईल.’ तंतोतंत! हॉटेलवाल्यानं सरांपुढे हात केला. “सर, माझ्या पोरीच्या लग्नाचं बी बघा ना.”

“हे ज्योतिष नाही हो,” सर म्हणाले. “माझी पोरं गणितात कधी चुकतात, कधी बरोबर येतात. ही कंपनी दरवेळी तिच्याच फायद्याकडे चुकते. अशा पोराला मी कॉपी करताना पकडलं असतं!”

●

संपादकांना तक्ता दाखवला. ते म्हणाले, “हा अंदाज झाला. मोजमाप आणा.”

हे सुमनताईंना लागलं. त्यांचं सगळं कामच मोजमाप. बियाण्याच्या लॉटमधून दाणे काढायचे, शंभर-शंभर मोजून ओल्या कागदात गुंडाळायचे आणि ठरलेल्या दिवशी किती उगवले ते लिहायचं. लॉट पास की नापास, ते त्या मोजणीवर ठरतं.

“शंभर मोजल्याबिगर आमच्याकडं कुणी तोंड उघडत न्हाई,” त्या म्हणाल्या. “आता तुम्ही बी उघडू नका.”

तेव्हा कंपनीनं आणखी एका फुकट योद्ध्याला, ‘गजकर्णा’ला, पुढच्या गुरुवारी संतुलित करणार असं जाहीर केलं होतं. ताईंनी आम्हाला जुंपलं. गुरुवारच्या आधी प्रत्येकी शंभर लढाया, नंतर प्रत्येकी शंभर. रफिकभाईंच्या पहिल्या शंभर त्यांनी सरळ बाद केल्या. “हा नमुना खराब हाय. भाई रागावले की बघत न्हाईत, नुसतं बटन दाबून राह्यलेत.” भाईंना पुन्हा शंभर खेळाव्या लागल्या, गुमान.

आकडे आले. गुरुवारच्या आधी आम्ही निम्म्याहून जास्त लढाया जिंकलो होतो. नंतर तिसरा हिस्सासुद्धा नाही.

ताईंनी सवयीनं अहवाल लॅबच्या छापील फॉर्मवर लिहिला. वाण: गजकर्ण. नमुने: आधी चारशे, आठवड्यानं चारशे. आणि तो फॉर्म चुकून रोजच्या गठ्ठ्यात गेला! संध्याकाळी मॅनेजरनं त्यांना बोलावलं.

“हे गजकर्ण कुठल्या कंपनीचं वाण? आधी चांगलं होतं, आठवड्यात एवढं कसं पडलं?”

ताई बोलून गेल्या, “साहेब, कंपनीनंच पाडलं.”

“शेतकऱ्याला फसवून राह्यले की हे लोक!” म्हणत मॅनेजरनं सही ठोकली. शेरा होता: ‘लॉट नापास. बाजारात जाऊ देऊ नये.’

ताईंनी मग खरं काय ते त्यांना सांगितलं. ते बराच वेळ हसले. ताई सही खोडायला लागल्या तर म्हणाले, “फॉर्म लॅबचा हाय, तो इथंच ठेवा. साध्या कागदावर लिहून आणा, शेरा मी तोच देतो.”

●

तो साधा कागद कंपनीला पाठवला आणि पहिल्यांदाच प्रेमाबद्दल आभार आले नाहीत. माणसाचा फोन आला. बातमी छापून आली तेव्हा तिच्याखाली चौकटीत कंपनीची बाजू म्हणून जे होतं, ते या फोनवर मिळालं.

रविवारची सकाळ. फोन टेबलाच्या मध्ये, स्पीकरवर. पलीकडे एक तरुण, मराठी बोलणारा, नम्र. म्हणाला, मी बॅलन्सच्या टीममध्ये आहे, ताकदीचे आकडे मीच बसवतो. मी आधीच सांगितलं, “मी बातमीदार आहे. बोलाल ते छापणार. तुमचं नाव मात्र छापणार नाही.”

“चालेल, सर.”

“वज्रबाहू का कमजोर केला?”

“खेळ सर्वांसाठी समान मजेचा...”

“ते वाचलंय आम्ही!” रफिकभाई टेबलावर ओणवले. “आठ महिने पाळला त्याला. आता खरं बोला, बेटा.”

“भाई, आम्ही डेटा बघून ठरवतो.”

साळवे सर शांतपणे म्हणाले, “कोण किती जिंकतं, तो डेटा? की कोण किती विकत घेतं, तो?”

“दोन्ही, सर.”

“आधी कुठला बघता?”

मी पेन टेकवून बसलो होतो. घाई केली नाही. गप्प बसलेल्या माणसाला बोलू द्यायचं, एवढं तर या नोकरीत शिकलोय.

सुमनताईंनी फोन जवळ ओढला.

“भाऊ, आमच्या मोजायच्या खोलीत विक्रीवाल्यांना येऊ देत न्हाईत. माल किती खपायचा हाय, ते आम्हाला कुणी सांगत न्हाई. उगवले तेवढे लिहायचे, बस. तुमच्या खोलीत कोण कोण येतं?”

मागे कुणीतरी बोलत होतं, मग दार लावल्याचा आवाज आला. आणि तो पोरगा हळूच म्हणाला,

“ताई, तुमच्या लॅबमध्ये एखादी जागा आहे का?”