दोरीचं कडं

लाइल ट्वाइटच्या मते मिनेसोटातल्या त्या गोठलेल्या तळ्यावर बर्फाला भोक पाडून मासे धरायला येणारा एकूण एक माणूस अर्धवट होता. बर्फ फोडायची पहार हातात घेण्याआधी तिच्या डोक्याला बांधलेलं दोरीचं कडं मनगटात अडकवायचं, हे तिथे लहान पोरालाही सांगावं लागत नाही. लाइल मात्र ते कधी घालत नसे. ‘‘बांगड्या भरायला मी बाई नाही,’’ म्हणायचा. शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करण्यात त्याने एकतीस वर्षं काढली, पण इंजिनापेक्षा त्याचं तोंडच जास्त चालायचं.

गुरुवारी सकाळी पहार हातातून सटकली आणि त्यानेच फोडलेल्या भोकातून सरळ तळाला गेली. दोन पुरुष पाणी. बापाने स्वतःच्या भट्टीत घडवलेली पहार होती ती. शनिवारी थोरला भाऊ व्हर्नर येणार होता, आणि मागच्याच हिवाळ्यात तो बजावून गेला होता, ‘‘कडं घालत नसशील तर पहार मी नेणार. येऊन बघतो.’’

बर्फावरच शेजारच्या खोपटीत गळ टाकून बसणाऱ्या गॉर्डनकडे असल्याच कामासाठी दोरीला बांधलेलं तयार लोहचुंबक होतं. मागितलं असतं तर पाच मिनिटांचा प्रश्न. पण गॉर्डनला लाइल गेली वीस वर्षं ‘याच्यापेक्षा मासा हुशार’ म्हणत आलेला. मागायचं कोणत्या तोंडाने? तेव्हा विजेचं चुंबक घरीच करायचं ठरलं. जन्मात कधी केलं नव्हतं, पण ते लाइलला अडचणीचं वाटलं नाही.

अंगठ्याएवढा जाड बोल्ट घेतला. जुन्या पंख्याच्या मोटारीतली तांब्याची तार उलगडून त्यावर तीनेकशे वेढे दिले, तेही भारा बांधल्यासारखे वेडेवाकडे. तारेची दोन टोकं ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडली आणि बोल्ट खिळ्याजवळ नेला. खिळा हलेना. त्याने बॅटरीला शिव्या दिल्या, दुसरी बॅटरी आणली, तिलाही दिल्या.

तेवढ्यात गॉर्डनची बायको मार्लिस रिकामं भांडं परत करायला आली. निवृत्त शिक्षिका.

‘‘काय चाललंय?’’

‘‘तुला कळायचं नाही.’’

तिने वाकून बघितलं. ‘‘तारेची टोकं खरवडलीस?’’

‘‘तार आहे मार्लिस, बटाटा नाही.’’

‘‘तारेवर वार्निश असतं. ते असतं म्हणून वीज मुकाट्याने सगळे वेढे फिरून येते. पण टोकांवरही तेच आहे, मग ती आत शिरणार कुठून? चौथीतली पोरं हे एका दुपारी करायची.’’

‘‘तुझी चौथीतली पोरं पुढे काय झाली ते दिसतं मला तळ्यावर.’’

‘‘एक तर तुझा साहेब झाला होता.’’ तिने भांडं ठेवलं. ‘‘आणि जोडून ठेवू नकोस. तापतं ते.’’

तिची गाडी वळणाआड जाईपर्यंत लाइल थांबला. मग पॉलिश पेपर घेऊन टोकं घासली. खिळा टुणकन उडून बोल्टला चिकटला. ‘‘तारच हलकी होती,’’ तो स्वतःशी म्हणाला.

शनिवारी उजाडताच तो बॅटरी घसरगाडीवर घालून तळ्यावर गेला. दोरीला बांधलेला बोल्ट पाण्यात सोडून तास दीड तास चाचपडत राहिला. शेवटी खाली टक्‌ झालं. तो इंच इंच ओढू लागला. पहारीचं डोकं पाण्याबाहेर आलं आणि कडं दिसलं. एक हात सुटला तर पहार पुन्हा तळाला. तेवढ्यात मागे बूट वाजले.

‘‘काय धरलंयस?’’ व्हर्नर म्हणाला.

‘‘बोलत काय बसलास, धर.’’

व्हर्नर सावकाश गुडघ्यावर बसला. हातमोजा काढला, कड्यात मनगट घातलं आणि पहार वर ओढली. लाइलने बोल्ट बाजूला टाकला.

‘‘कडं शाबूत आहे की. नवं दिसतं.’’

‘‘चुंबक मी घरी केलंय.’’

‘‘हो, दिसतंय.’’

कडं मनगटातच ठेवून व्हर्नर गाडीकडे चालायला लागला. लाइलला वाटलं, आता वळेल. तो वळला नाही.

गॉर्डनने खोपटीचं दार किलकिलं केलं. ‘‘लाइल, आपल्यापेक्षा हुशार काही लागलं का गळाला?’’

बॅटरीची तार काढायची राहिली होती. तापलेला बोल्ट बर्फात आपल्यापुरता खड्डा करत खाली चालला होता.