सुळका

जालन्यात एमआरआय मशीन चालवणं हे माझं काम. तिथंच माझी थोरली बहीण हसनाबादहून तपासणीला आली. तिच्या मेंदूतली गाठ कसली आहे, हे तिथल्या रसायनांच्या ग्राफवरून पाहायचं होतं. या रसायनांचा सिग्नल फार बारीक असतो. पाण्याचा आणि कवटीवरच्या चरबीचा सिग्नल त्याला बुडवून टाकतो.

पहिल्या ग्राफात चरबीचा सुळका उंच आला. गाठ जहाल असली की तिच्या आत पेशी मरतात, तेव्हाही तो असाच दिसतो.

"हे कवटीवरचंच असणार," मी डॉक्टरांना म्हणालो.

"मग बाहेरच्या चरबीचा सिग्नल नीट दाबून पुन्हा घे."

मी कवटीच्या कडेचा भाग वगळला, पाण्याचा सिग्नल दाबला, पुन्हा घेतलं. ग्राफ अगदी स्वच्छ आला. सुळका जागेवरच होता. म्हणजे तो गाठीतूनच येत होता.

बाहेर आल्यावर अक्कानं विचारलं, "दोनदा कामून घेतलं रे?"

"पहिलं साफ आलं नव्हतं."

"मंग आता आलं का बराबर?"

"आलं," मी म्हणालो.

तिला बरं वाटलं. ती चपला शोधू लागली. मी वाकून त्या तिच्या पायांपुढं ठेवल्या आणि बराच वेळ मान वर केली नाही. पुढं उपचार झाले, पण गुण आला नाही.