निळ्या फ्रॉकातली बहीण

भिकनमामांना भूत दाखवून घाबरवणं हा माझा चार वर्षांचा उद्योग आहे आणि त्यात मला एकदाही यश आलेलं नाही. मी दिवसा मोबाइलच्या दुकानात बसतो आणि रविवारी परदेशी भुतांचे सिनेमे बघून त्यांचं बरंवाईट माझ्या चॅनलवर सांगतो. ऐकणारे साडेतीनशे. त्यातले निम्मे नात्यातले, ते ऐकत नाहीत, नुसतं लावून ठेवतात. पण चॅनलवर मी जे हुशारीचं बोलतो त्यातलं बरंचसं मामांचं असतं, हे आज कबूल करून टाकतो.

मामा इकडे गुजराती मुलखात, पांडेसऱ्याच्या एका कापड रंगवायच्या मिलमध्ये कलर मास्तर. अमळनेरकडून सोळाव्या वर्षी आले, मशीनवर लागले आणि निव्वळ नजरेच्या जोरावर मास्तर झाले. लॉट रंगून झाला की त्याचा ओला तुकडा कापायचा, गरम पाइपावर वाळवायचा, खिडकीशी जाऊन पार्टीच्या, म्हणजे गिऱ्हाइकाच्या, नमुन्याला कडेला कड लावायची, मान तिरकी करून बघायचं आणि ओके म्हणायचं, नाहीतर नाही म्हणायचं. रंग मोजायचं कॉम्प्युटर मिलमध्ये आहे. त्याच्यावर मामांचा जेवणाचा डबा ठेवलेला असतो.

सिनेमाही ते तसाच बघतात. पडद्यावर मुंडकं उडालं की माझी बायको योगिता उशीत तोंड खुपसते आणि मामा शांतपणे म्हणतात, “रगत खोटं शे. सुकेल रगत काळं पडस, हाई लालच ऱ्हायनं.” भूत आलं तरी हा माणूस त्याच्या कपड्याचं पोत बघणार. मला राग यायचा, मग मी तेच चॅनलवर सांगायचो.

त्या रविवारी मात्र मामांचं मन थाऱ्यावर नव्हतं. त्यांनी ओके दिलेला फिरोजी रंगाचा एक मोठा लॉट पार्टीने परत पाठवला होता. माल हिरवट निघाला म्हणे. मामांनी हात झटकले. आपण पाहिला तेव्हा माल बरोबर होता, मागाहून पंडितने मशीनमध्ये आणखी रंग टाकला असणार, असं त्यांनी सांगितलं. पंडित म्हणजे मिलमध्ये रंग तोलणारा माणूस. अठरा वर्षं मामांच्या हाताखाली काट्यावर बसलेला. त्याचं म्हणणं, तोलण्यात चूक नाही, मागून काही टाकलं नाही, नव्या डब्यातला रंगच हिरवट होता. शेठने त्याला घरी बसवलं. सोमवारी मामांचा शेवटचा शब्द घेऊन त्याच्या जागी दुसरा माणूस घेणार होते.

शुक्रवारी पंडित मामांच्या दारात आला होता. हातात त्या लॉटचा तुकडा. “मामा, फक्त एक डाव दखी ल्या,” एवढंच म्हणत होता. कलामामींनी चहा ठेवला, पण मामांनी तुकडा हातातसुद्धा घेतला नाही. “मी ओके दिधं तवय माल बरोबर व्हता. मना डोया चुकस नही.” पंडित चहा न घेता गेला. मामींना ते फार लागलं, त्यांनी दोन दिवस मामांशी धड बोलणं टाकलं.

म्हणून मी मामा-मामींना मुद्दाम दुपारी घरी बोलावलं. मन रमावं म्हणून, आणि हो, मला चॅनलसाठी मसाला हवा होता म्हणूनही.

सिनेमा फिलिपिन्सचा, हिंदीत डब केलेला. समुद्रकाठचं गाव. दोन जुळ्या बहिणी, एक बुडून मेलेली. तिकडे मयत तीन-चार रात्री घरातच ठेवतात, काचेच्या झाकणाची पेटी, भोवती लोक पत्ते खेळत जागतात. आणि तिथून निघालं की सरळ घरी जायचं नाही, वाटेत कुठेतरी थांबायचं, नाहीतर मेलेलं माणूस मागोमाग येतं. मामांना हे पटलं. “आपलाकडे बी कडूनिंब चावाशिवाय घरमा शिरतस नही,” म्हणाले. पत्र्यावरचा वाऱ्याचा आवाज त्यांना आवडला. मेणबत्तीचा उजेड खालून तोंडावर पडतो ते आवडलं. “गडीले काम येस,” म्हणाले. मामांकडून दिग्दर्शकाला एवढं म्हणजे खूपच झालं. मी भराभर लिहून घेत होतो.

पेटीतल्या बहिणीच्या अंगात निळा फ्रॉक, जिवंत बहिणीच्या अंगात हिरवा. हे सुरुवातीला दोनदा नीट दाखवलेलं. मग ती घरची मंडळी कंटाळून वाटेत न थांबता सरळ घरी येतात. सकाळची वेळ, आई ओट्याशी भाजी चिरते आहे, मुलगी पाठमोरी उभी राहून मासे तळते आहे. आई बोलते, मुलगी हुं हुं करते. संगीत नाही, किंचाळी नाही. कॅमेरा हळूहळू बाजूला सरकतो, धूर बाजूला होतो. मुलीचा फ्रॉक निळा.

योगिता एवढ्या मोठ्यांदा ओरडली की मामींच्या हातातली शेंगदाण्यांची वाटी सांडली. इतकं सुबक घाबरवलेलं मी वर्षभरात पाहिलं नव्हतं. मामांनी शेंगदाणा तोंडात टाकला.

“फुसका,” ते म्हणाले. “पोरगी मासा तळी ऱ्हायनी, त्यामा भ्यावानं काय? एवढं बांधत आना आणि आठे हात गाळी दिधा.”

मला वाटलं चेष्टा करताहेत. मी प्रसंग मागे नेऊन परत लावला. मामा टीव्हीजवळ सरकले, मान तिरकी केली, मिलमध्ये करतात तशीच. “मंग? हिरवा फ्रॉकवाली, जित्ती पोरगी.”

“मामा, ब्लू छे ने!” योगिता घाबरली की गुजरातीत शिरते. “हिरवा नाही, निळा आहे तो!”

मामी हसल्या आणि हसता हसता थांबल्या. मामा हसले नाहीत. त्यांनी मला पेटीचा प्रसंग लावायला सांगितला, मग जिवंत बहिणीचा, मग परत स्वयंपाकघर. प्रत्येक वेळी “हाऊ?”, म्हणजे हा कोणता, असं विचारायचे. मी सांगायचो निळा, हिरवा, निळा. माझा आवाज बारीक होत गेला. चौथ्या वेळी त्यांनी डोळे चोळले, चष्मा पुसला, योगिताला खिडकी उघडायला सांगितली.

“माले तिन्ही सारखाच दखातस,” ते म्हणाले.

मी आयुष्यात पाहिलेल्या कुठल्याच भुताला एवढा घाबरलो नव्हतो. टीव्हीवर ती मुलगी मासे तळत तशीच थांबलेली. मामी पुढे होऊन म्हणाल्या, मोतीबिंदू असेल, ऑपरेशन होतं आजकाल, काही नाही त्यात. मामांनी ते ऐकलं की नाही कोण जाणे. ते म्हणाले, “पंडित खरं बोली ऱ्हायंता,” आणि चपला शोधायला लागले.

मी गाडी काढली. मामांना मागे बसवून पांडेसऱ्याहून शहराच्या दुसऱ्या टोकाला, कोसाडला गेलो.

पंडितचं घर वसाहतीत दुसऱ्या मजल्यावर. मामांना दारात बघून तो लगबगीने उठला, खुर्ची पुसली. त्याच्या बायकोने पाणी दिलं आणि मामांकडे न बघताच सांगून टाकलं, सचिन भागातल्या एका कारखान्यात काट्यावरचंच काम चालून आलं होतं, यांनी घेतलं नाही. का, तर आता हातावर भरवसा नाही. कालपासून तिथेच कापडाच्या गाठी उचलायला जातात.

“मना हातच चुकना व्हई, मामा,” पंडित खाली बघत म्हणाला. “पहिले वाटे, नही चुकना. पन तुम्ही सांगं ना, मंग माले बी तसंच वाटाले लागनं.”

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना हात जोडताना पाहिलं. “चूक मनी शे रे भाऊ. मना डोया गया. उद्या शेठले हाईच सांगस आणि तुले परत काटावर बसाडस.”

पंडितने त्यांचे जोडलेले हात धरून खाली केले. “मनाकरता असं सोतावर लेऊ नका, मामा. तुमनं मन मोठं शे, माले मालूम शे.”

मामांनी दोनदा सांगितलं, तीनदा सांगितलं. सिनेमाचंही सांगितलं, फ्रॉकचं सांगितलं. पंडित मान हलवत राहिला, हातातला गमछा चुरगाळत राहिला. शेवटी मामा उठले आणि गॅलरीकडे वळले. बाहेर दोरीवर पंडितच्या बायकोच्या दोन साड्या वाळत होत्या, एक निळी, एक पोपटी. “आते दख,” मामा म्हणाले. “निळी कोनती, मी दखाडस.” त्यांनी मान तिरकी केली, बराच वेळ घेतला आणि पोपटी साडीवर बोट ठेवलं.

पंडितने साडीकडे पाहिलंच नाही. तो मामांच्या तोंडाकडे बघत होता. “बरोबर, मामा,” तो म्हणाला. “निळीच शे ती.”

मामा माझ्याकडे वळले. “ललित, तू सांग.”

मला सांगायचं नव्हतं. पण त्यांनी बोट काढलं नव्हतं. “हिरवी आहे, मामा,” मी म्हणालो.

पंडित माझ्या अंगावर धावून आल्यासारखा ओरडला, “तुले काय समजस रे रंगमधलं?”