नवरीच्या घरचा चकचकीत डबा

साखरशेत गावाच्या पलीकडच्या एका पाड्यावरची ती घटना मला आजही आठवते, आणि आठवली की आधी हसू येते. पोलिसाच्या आठवणी म्हटल्या की वाचकाला खून, दरोडा, रक्ताने माखलेली कुऱ्हाड हवी असते. माझ्या या प्रकरणात नऊ कोंबड्या आणि एक बोकड एवढेच बळी गेले. तरीही साऱ्या चाकरीत याहून मोठा तपास मी केला नाही असे मी म्हणतो, आणि घरची मंडळी मला हसतात.

जव्हार तेव्हा संस्थान होते आणि मी तिथे फौजदार होतो. ठाणे म्हणजे दोन कौलारू खोल्या, एक कोठडी, आठ शिपाई आणि एक हवालदार. हवालदार तिथलाच, डोंगरातल्या पाड्यांची बोली जाणणारा. मी देशावरून आलेलो, त्यामुळे आपल्याला सगळे कळते असा माझा समज होता. सकाळी हजेरी, मग कोठडीची पाहणी, मग रोजनामा. बहुतेक दिवस त्यात ‘विशेष नाही’ एवढेच लिहावे लागे.

त्या सकाळीही मी तेच लिहायला टाक बुडवला होता. तेवढ्यात एक तरुण मुलगी आत आली आणि काखेतली मेलेली कोंबडी तिने माझ्या टेबलावर, रोजनाम्याच्या शेजारी ठेवली.

“हिला कोनी मारली तां सांगा,” ती म्हणाली. “आजच सांगा.”

शिपाई खो खो हसले. मी त्यांना दटावले, पण मिशीआड मीही हसत होतो. हवालदाराने तिला बसवले, पाणी दिले, तिच्या बोलीत चार प्रश्न विचारले आणि त्याचा चेहरा बदलला. हसण्यावारी नेण्याचे हे काम नव्हते.

मुलीचे लग्न चार दिवसांवर आले होते. त्या पाड्यांत लग्न लावायला भटजी नसतो. धवलेरी नावाची एक जाणती बाई लग्नाची गाणी म्हणते, आणि त्या गाण्यांनीच लग्न लागते. घराच्या भिंती गेरूने सारवून बायका त्यावर तांदळाच्या पिठाने चित्रे काढतात. शेवटी देवीचा चौक काढतात. तो निघाल्याशिवाय लग्न पुढे सरकत नाही. या घरी चित्रांना सुरुवात झाली आणि त्याच दिवसापासून कोंबड्या मरू लागल्या. घरच्या मेल्या, शेजाऱ्यांच्या मेल्या, मग बोकड गेला. कोणीतरी बोलून गेले की धवलेरी भिंतीपुढे बसते त्याच दिवशी जनावर मरते. तिथून ‘भुताळी’, म्हणजे चेटकीण, या शब्दापर्यंत पोहोचायला पाड्याला एक संध्याकाळ पुरली. जामसरकडच्या नवऱ्या मुलाच्या घरून निरोप आला, ती बाई गाणार असेल तर आम्ही वऱ्हाड आणणार नाही.

भुताळी ठरलेल्या बाईचे काय होते ते मी पाहिलेले होते. तिला पाडा सोडावा लागतो, आणि तेवढ्यावर निभावले तर नशीब.

मुलीचे म्हणणे सरळ होते. माझ्या आईच्या लग्नात हीच गायली, माझ्याही लग्नात हीच गाईल, नाहीतर मी उभी राहणार नाही. ठाण्यात येणारा प्रत्येकजण अमक्याला पकडा म्हणत येतो. कोणाला पकडू नका म्हणून एवढी वाट तुडवत आलेली ही पहिलीच. मला ती पोरगी फार आवडली.

कोंबडी एका शिपायाबरोबर सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडे पाठवली आणि मी हवालदाराला घेऊन पाड्यावर गेलो. तिथे जाऊन आधी मी स्वतःची शोभा करून घेतली. अंगणात लग्नासाठी काढलेल्या मोहाच्या दारूची मडकी दिसली, आणि माझ्या देशावरच्या डोक्यात लगेच प्रकाश पडला. दारू बिघडली असणार, जनावरांनी चोथा खाल्ला असणार. पंचनामा करून मी सगळी मडकी जप्त केली. एका तासात असे झाले की पाडा भुताळीला विसरला आणि माझ्यावर उलटला. शेवटी हवालदार हळूच म्हणाला, की साहेब, चोथा तर डुकरांनी खाल्ला आणि ती पाहा, मजेत लोळताहेत. मडकी मी मुकाट्याने परत केली. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग म्हणतात, तसा माझा तपास चालला होता.

दुसऱ्या दिवशी धवलेरीची जबानी घ्यायला बसलो. पन्नाशीची, काटक बाई. पाड्यातली माणसे दूर झाडाखाली उभी राहून पाहत होती. किती दिवस चित्रे काढतेस, कोणाशी वैर आहे का, कोंबड्या कोणाकोणाच्या, असे ठरीव प्रश्न मी विचारत गेलो आणि ती ‘होय’, ‘नाय’ एवढेच बोलत गेली. गुन्हेगार गप्प बसतो तेव्हा तो तुमच्या तोंडाकडे पाहत असतो, तुम्हाला किती कळले याचा अंदाज घेत असतो. ही बाई जमिनीकडे पाहत होती. मी गुळाचा खडा पुढे केला, तिने घेतला आणि पदराला बांधला. पाणी प्यायली तेव्हा घोट गिळताना तिचा चेहरा वाकडा झाला. आणि उजवा हात तिने सारा वेळ पदराखाली ठेवला होता.

हात दाखव म्हटले. दाखवीना. हवालदाराने समजूत घातली तेव्हा दाखवला. बोटांची टोके लाल, सोललेली. तोंडातही फोड होते. तीन दिवस उलट्या होत होत्या आणि कोणाला तिने कळू दिले नव्हते.

मी विचारले, हे आधी का नाही सांगितलेस? तिच्यावर एवढा आळ आला होता, आणि ती स्वतःच आजारी होती हा तर तिच्या बाजूचा पुरावा होता.

“आजारी धवलेरी लगनाला बसत नाय, सायेब,” ती म्हणाली. “पोरीचां लगीन मोडलां असतां.”

भुताळी म्हणवून घ्यायला ही बाई तयार होती, पण मुलीच्या लग्नात विघ्न नको होते. मी जबानीचा कागद घडी करून खिशात घातला. ही बाई विष घालणारी नव्हती. तिलाच विष चढत होते, आणि ते कुठून, हे शोधायचे होते.

दुपारी दवाखान्यातून डॉक्टर स्वतःच तट्टावरून आले. कोंबडीच्या पोटात तांदळाचे ओले पीठ सापडले होते, आणि त्यांना सोमलाचा, म्हणजे आर्सेनिकच्या विषाचा, संशय होता. भिंतीखाली सांडलेल्या पिठाचे पोपडे पडले होते. डॉक्टरांनी ते ओल्या फडक्याने टिपले, सगळ्यांना वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे केले, स्वतःच्या नाकाला ओला रुमाल बांधला आणि चिमूटभर पोपडा लांब चिमट्याने निखाऱ्यावर टाकला. लसणासारखा वास सुटला. त्यांनी लगेच निखारे विझवले. सोमलाला चव नाही, वास नाही, पिठात मिसळला तर सुगरणीलाही कळणार नाही, तो फक्त असा जळताना बोलतो, असे त्यांनी सांगितले.

आता उलगडा सोपा होता. काडी चघळून मऊ करायची, पिठात बुडवायची, चित्र काढायचे, काडी कडक झाली की पुन्हा चघळायची, ही चित्रे काढण्याची तिथली रीत. दर खेपेला थोडा सोमल धवलेरीच्या तोंडात जात होता. सांडलेले पीठ कोंबड्या टिपत होत्या, बोकड भिंत चाटत होता. पण पिठात सोमल आला कुठून? तांदूळ घरचा, जाते घरचे. मी विचारले, पीठ कालवले कशात?

नवरीच्या बापाने अभिमानाने डबा आणून ठेवला. चकचकीत पत्र्याचा, घट्ट झाकणाचा. सगळ्या पाड्यात असा डबा नव्हता. देवीच्या कामाला घरातली सर्वांत चांगली वस्तू वापरायची, म्हणून लग्नाचे पीठ त्यात. झाकणाच्या दुमडीत पांढरा थर साचून राहिलेला होता, आणि बाजूला कागदी चिठ्ठीवर कवटी व दोन हाडे स्पष्ट छापलेली होती.

मी कपाळाला हात लावला. हे चित्र पाहूनही डबा घरात आणलास कसा, असे मी त्याला जरा चढ्या आवाजात विचारले.

तो शांतपणे म्हणाला, “सायेब, काडीच्या पेटीवर वाघ असतो. आत वाघ असतो काय?”

हवालदार खोकल्याचे निमित्त करून बाहेर गेला. मी मात्र हसलो नाही. मनुष्य अगदी बरोबर बोलत होता. बाजारातून येणाऱ्या प्रत्येक डब्यावर कसले ना कसले चित्र असते, आणि आतल्या मालाशी त्याचा काडीचा संबंध नसतो. मग याच चित्रावर त्याने विश्वास का ठेवावा? खालचा मजकूर इंग्रजीत होता. तो वाचणारा माणूस त्या डोंगरात कोण होता?

डबा एका लाकूड ठेकेदाराच्या वखारीतला निघाला. ओंडक्यांना वाळवी लागू नये म्हणून तिथे सोमल उकळून त्याचे पाणी लाकडाला पाजत. डबा रिकामा झाला की कारकून तो मजुरांना खुशीने देई. त्याच्या मनात पाप नव्हते, अक्कलही नव्हती. मजूर बिचारे तो आतून राखेने घासून नेत. आणखी सहा डबे असे गेले होते. त्या दिवशी सूर्य मावळेपर्यंत आम्ही सहाही गाठले. एकात बियाण्याची नाचणी होती, दोन कोरे पडून होते, दोनांत खिळे आणि दोऱ्या. सहावा एका म्हातारीने त्याच दिवशी मीठ भरायला पुढे ओढला होता. मिठाची पुडी तिच्या हातात होती. आम्ही डबा मागितला तर ती हवालदारावर चवताळली, तुझ्या बापाने दिला काय म्हणून. तिच्या शिव्या ऐकताना मला एवढा आनंद झाला की मी तिला माझा पितळी तांब्या देऊन टाकला.

नाचणीसुद्धा डब्याबरोबर गेली. डॉक्टरांनी डबे ठोकून चपटे केले आणि विहीर व ओहोळापासून लांब, खोल खड्ड्यात पुरले. भिंत कोरडी खरवडू दिली नाही. धूळ नाकात जाते म्हणाले. नाकतोंड बांधून ओल्या फडक्यांनी पुसायची, फडकी खड्ड्यात टाकायची, मग अंघोळ केल्यावरच घास घ्यायचा. नवरीचा बाप डब्याला शेवटची माती देताना खरोखर हळहळला.

पण पाड्याची समजूत कशी पटवायची? मी म्हटले, उद्या सर्वांसमक्ष त्या डब्यातले, नमुन्याला काढून ठेवलेले पीठ एका कोंबडीला घालू, मेली की झाले. डॉक्टर तयार होते. औषधाने जरा सावरलेली धवलेरी कोपऱ्यात बसून ऐकत होती. ती म्हणाली, “मेलेली कोंबडी समद्यांनी पाह्यली, सायेब. आता जिती दाखवा.”

आयुष्यात मला कोणी इतके शहाणे केले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी जामसरची मंडळी बोलावली. नवऱ्या मुलाची आत्या त्यांत पुढे होती. ‘ती बाई नको’ हा निरोप तिचाच. धवलेरीने सगळ्यांसमोर हात धुतले, नव्या मातीच्या मडक्यात नवे पीठ कालवले आणि पाच कोंबड्यांपुढे स्वतःच्या हाताने टाकले. मग अख्खा पाडा, वऱ्हाडी, डॉक्टर आणि संस्थानचा फौजदार गोल करून कोंबड्यांकडे पाहत बसलो. मी मोठमोठ्या दरोडेखोरांवर पाळत ठेवली आहे, पण इतकी डोळ्यांत तेल घालून कधीच नाही. एक कोंबडी डुलकी घ्यायला बसली तर पन्नास माणसांचा श्वास अडकला. ती उठली, तेव्हा सगळे एकदम बोलू लागले. ऊन कलले तेव्हा त्यांतलीच एक टोपलीत जाऊन बसली आणि थोड्या वेळाने ओरडत बाहेर आली. आत अंडे होते.

आत्याने ते उचलले, उजेडात धरून पाहिले, आणि कोणाशी न बोलता धवलेरीच्या ओंजळीत ठेवले.

वखारीचा बंदोबस्त दरबारच्या हुकमाने झाला. सोमल कुलपाबंद, मजुरांना हात धुवायला पाणी, कढईजवळ जेवण नाही, रिकामा डबा वखारीबाहेर नाही. आणि पाय वर करून पडलेल्या कोंबडीचे चित्र प्रत्येक डब्यावर. ते धवलेरीने काढून दिले. मी तिथे असेपर्यंत त्या चित्राचा अर्थ कोणाला विचारावा लागला नाही.

लग्न ठरल्या दिवशी लागले. चौक नव्याने निघाला. धवलेरीच्या बोटांना चिंध्या बांधल्या होत्या, म्हणून काडी नवरीच्या मैत्रिणींनी धरली आणि ती सांगत गेली. रीतीप्रमाणे चौकावर झाकलेले फडके काढले तेव्हा तिने गाणे सुरू केले. घसा अजून बरा नव्हता, दुसऱ्याच ओळीला आवाज फाटला. आणि जामसरच्या त्या आत्याने तिच्या शेजारी सरकून ती ओळ उचलली. मग बाकीच्या बायकांनी. नवरी मान खाली घालायची विसरून हसत होती. मडकी मी परत केल्याचेही चीज झाले, एवढेच लिहितो.

या प्रकरणाने मला एक शिकवले. कोणी केले हे विचारण्याआधी कशाने झाले हे विचारावे. आपण पोलीस पहिल्या प्रश्नाने सुरुवात करतो, आणि पाडाही तेच करत होता. मग त्यांना अडाणी म्हणण्याचा मला काय अधिकार? रोजनाम्यात त्या दिवशी मी ‘गुन्हा नाही’ असे लिहिले. चाकरीत पुष्कळांना मी त्यांच्या जागेवरून उचलून नेले. एका बाईला तिच्या जागी परत बसलेली पाहण्याचे सुख मला एकदाच मिळाले, आणि त्या दिवशी घोड्यावर बसून जव्हारला परतताना मी सबंध वाट गात आलो. हवालदार म्हणाला, साहेब, सूर चुकतोय. मी म्हटले, चुकू दे.