स्क्रीनवर धरलेली पट्टी

वैशालीताईंनी ड्रॉवरमधून स्टीलची पट्टी काढली आणि माझ्या स्क्रीनवर, ओळींच्या सुरुवातीला लावून, उभी धरली. ऑफिसात सगळ्यांना त्यांची ही सवय ठाऊक आहे. सकाळपासून माझा प्रोग्राम सेटिंगच्या फाइलमधली एक ओळ शोधत होता आणि सापडत नाही म्हणून अडून बसला होता. ओळ तर माझ्या डोळ्यांसमोर होती.

"ही बघ, दोन स्पेस जास्त पडून जराशी आत सरकलीय," त्या म्हणाल्या. "म्हणून वरच्या ओळीच्या पोटात गेली. तू तिला बाहेर शोधतेयस."

या फाइलींत सगळं एकाच्या पोटात दुसरं असंच असतं. बाहेरून एकेक नाव घेत आत उतरता येतं. आतल्या ओळीला मात्र आपण कोणाच्या पोटात आहोत हे कळत नाही, आणि तिथून वर यायला वाटच नसते. शोधणाऱ्याची हाक दुसऱ्याच दारावर पडत राहते.

मी या कंपनीत, तिच्या एका प्रोजेक्टात, त्यातल्या एका टीममध्ये, कोपऱ्यातल्या या टेबलाशी. दर वेळी जराशीच आत सरकले असेन. कोणी ढकललं असंही म्हणता येत नाही. "सध्या काय करतेस गं?" असं आई फोनवर विचारते, तेव्हा उत्तर कुठून सुरू करावं तेच सुचत नाही.

मी ओळ बाहेर ओढली. प्रोग्रामला ती लगेच सापडली.

"एवढंच तर होतं," म्हणत वैशालीताई पट्टी घेऊन गेल्या.

मी खुर्ची जराशी मागे सरकवली. ती भिंतीला टेकली.