सभासदाचा पाल्य

सकाळी आमच्या दूध संस्थेसमोरून गेलं की सरकी पेंडेचा, ओल्या किटल्यांचा आणि नुकत्याच काढलेल्या दुधाचा मिसळलेला वास येतो. जळकोटच्या अलीकडं, महामार्गाला लागून आमचं गाव. ट्रकांच्या धुरातही हा वास टिकून असतो. कुणालाही तो प्रसन्नच वाटावा. मी मात्र अलीकडं तिथून पाय उचलून चालतो. संकलनाच्या खिडकीआड माझी एक जुनी विद्यार्थिनी बसते. दुधाचा नमुना यंत्रात धरते, फॅट बघते, पावती देते. मला पाहिलं की "नमस्कार गुरुजी" म्हणते. त्या नमस्कारात राग नसतो, टोमणा नसतो. म्हणूनच तो दिवसभर माझ्यासोबत राहतो.

संस्था सभासदांच्या मुलांना दरवर्षी शिष्यवृत्ती देते. आठ वर्षांपूर्वी निवृत्त झालो आणि त्याच वर्षी मला निवड समितीवर घेतलं. शाळा सुटल्यावर अंगात जी एक पोकळी येते, ती भरायला कुणीतरी बोलावलं याचंच मला अप्रूप होतं. खुर्ची मिळाली, मान मिळाला, माझ्या सहीला वजन आलं. त्या पहिल्याच वर्षी या मुलीचा अर्ज आला. बारावीला उत्तम गुण, सोलापूरला नर्सिंगला नंबर लागलेला. चौथीत असताना ती वर्गातल्या पडलेल्या पोरांचे गुडघे स्वतःच्या रुमालानं पुसायची, हे मला ठाऊक होतं. पण त्या उन्हाळ्यात त्यांची एकुलती म्हैस दगावली आणि चार महिने वडिलांनी संस्थेला दूध घातलं नव्हतं. नियमाप्रमाणं ते अक्रियाशील सभासद ठरले, आणि अशांच्या मुलांना शिष्यवृत्ती नव्हती.

बैठकीच्या आदल्या दिवशी तिची आई घरी आली. बस म्हटलं तरी बसली नाही. उंबऱ्याजवळ उभी राहून एवढंच म्हणाली, "म्हस मेली गुरुजी. पोरीचे मार्क तर मेले न्हाईत."

मी तिला सांगितलं की नियम सगळ्यांना सारखा असतो. वर्गात वर्षानुवर्षं वापरलेलं ते वाक्य किती सहज तोंडी आलं! दुसऱ्या दिवशी अध्यक्षांनी नियम वाचला, बाकीच्यांनी माना हलवल्या, आणि अर्ज नामंजूर केल्याच्या कागदावर मी सही केली. कुणी दमदाटी केली नव्हती, कुणाचा दबाव नव्हता. पहिल्याच बैठकीत वेगळं बोलून नकोसं होऊ नये, एवढीच माझी भीती. नर्सिंगची जागा गेली. वडील मजुरीला लागले. पोरगी संस्थेतच कामाला आली, पुढं स्वतःच्या पगारातून एक गाय घेतली आणि स्वतःच्या नावानं सभासद झाली.

यंदा तिनं धाकट्या बहिणीचा अर्ज भरला. बहिणीला लातूरला फार्मसीला जायचंय. अर्ज छाननीत अडकला. वडील आता सभासद नव्हते; शिष्यवृत्ती सभासदाच्या पाल्याला, आणि बहीण म्हणजे काही पाल्य नव्हे. अध्यक्षांनी तो अर्ज बाजूला ठेवला तेव्हा मी तो परत पुढं ओढला. मी म्हणालो, "पाल्य म्हणजे ज्याला पाळलं जातं ते. या पोरीला पाळतं कोण? तिची बहीणच ना?"

अध्यक्ष सहजपणे म्हणाले, "खरंय की गुरुजी. तसा ठराव घेऊ." चहा यायच्या आत ठराव झाला. सगळ्यांनी मला शाबासकी दिली, आणि माझा चहा मात्र तसाच निवून गेला. इतकं सोपं होतं हे? एका माणसानं तोंड उघडायचं, एवढंच? मग आठ वर्षांपूर्वी मी ज्याला भिंत समजलो, ते काय होतं?

वाटपाच्या कार्यक्रमानंतर पोरं खुर्च्या रचत होती. ती बहिणीचा हार नीट घडी घालून पिशवीत ठेवत होती. मी जवळ गेलो आणि म्हणालो, "तुझ्या वेळीच बोलायला पाहिजे होतं मी."

तिनं मान वर केली. म्हणाली, "व्हय गुरुजी. तवाच बोलाया पायजे होतं." आणि बहिणीला हाक मारून निघून गेली.

आपल्याकडं माणसं किती लवकर "असू द्या" म्हणून टाकतात. मीही मनातून त्याचीच वाट बघत होतो, हे ती गेल्यावर कळलं. ती ते म्हणाली नाही, आणि बरोबरच केलं. धाकटी आता लातूरला आहे, चांगली शिकतेय म्हणतात. ते ऐकून बरं वाटतं, पण त्यानं मोठीचं काही भरून येत नाही. नियम नव्यानं वाचता येतो. अठरावं वर्ष एकदाच येतं, आणि तिचं ते माझ्या हातून गेलं. माझ्यापाशी आता फक्त तिचं ते "व्हय" उरलंय. ते खरं आहे, म्हणून त्याच्या बदल्यात मी कुणाकडून "असू द्या" मागणार नाही.