गोदूबाईचं कस्टर्ड

गोदूबाईला कस्टर्ड येत होतं, आणि कोंडाण्याच्या वस्तीत ही विद्या दुसऱ्या कोणाकडे नव्हती. माथेरानच्या एका हॉटेलात तिने अकरा हंगाम काढले होते. आधी भांडी घासणं, मग भाज्या चिरणं, आणि खानसामा आजारी पडला त्या वर्षी थेट शेगडी. तिथे ती दोन गोष्टी शिकली. गोऱ्या माणसाला तिखट सोसत नाही, त्याला बटाटा उकडून द्यावा. आणि जेवणाच्या शेवटी पिवळं कस्टर्ड पुढे ठेवलं, की तो झालं गेलं विसरतो. एवढं ज्ञान घेऊन ती डोंगर उतरून कायमची घरी आली तेव्हा गुडघे कामातून गेले होते आणि ज्ञानाला गावात गिऱ्हाईक नव्हतं.

गिऱ्हाईक आलं ते अठ्ठ्याहत्तर सालच्या जानेवारीत. डेन्मार्क नावाच्या देशातून एक कुटुंब दीड महिना श्रमदान करायला आलं. येन्स हा शाळामास्तर, त्याची बायको किर्स्टन नर्स, आणि लेना ही नऊ वर्षांची मुलगी. वस्तीतल्या बालवाडीची खोली बांधायची होती. इतक्या लांब स्वखर्चाने यायचं आणि उन्हात दगड उचलायचे, यातली मेख वस्तीला शेवटपर्यंत सापडली नाही. "त्यांच्या देशात दगड नायत का?" असं गोदूबाईच्या नवऱ्याने, बुधाजीने, भर सभेत विचारलं. तात्यांनी ते इंग्रजीत काही विचारलं नाही.

तात्या म्हणजे कर्जतचे निवृत्त हेडमास्तर आणि पाहुण्यांना बोलावणाऱ्या मंडळाचे चिटणीस. माणूस चांगला. या बालवाडीसाठी त्यांनी तीन वर्षं कचेरीत खेटे घातले होते. समतेवर भाषण करत, आणि मनापासून करत. फक्त त्यांना पथ्य होतं, पोटाचं. हे पथ्य वस्तीत आल्यावर जोर धरी आणि कर्जतच्या पेठेतल्या लग्नांत जरा ढिलं पडे. बांधकामावर येतानाही ते घरचा डबा आणत आणि चार पावलं लांब, आंब्याखाली बसून खात.

वस्तीने छप्पन साली धम्म घेतला, त्यानंतरच्या पहिल्या बुद्धजयंतीला गोदूबाईने त्यांना घरी चहाला बोलावलं होतं. तेव्हा ती चोवीस-पंचवीस वर्षांची होती, नवी साडी नेसली होती आणि सगळं आता बदललं अशी तिची समजूत होती. "पथ्य आहे गं," तात्या अंगणातूनच म्हणाले. चहाचंही पथ्य असतं हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर तिने त्यांना कधी बोलावलं नाही, आणि तात्यांनीही कधी अंगणाच्या पुढे पाऊल टाकलं नाही. बाकी दोघांचं चांगलं होतं.

पाहुण्यांच्या स्वयंपाकाला तात्यांनी गोदूबाईलाच नेमलं. कामाजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये पाहुणे राहत, तिथेच चूल. तिसऱ्या दिवशी तिने किर्स्टनला हाताने खूण करून आपलं घर दाखवलं, घास तोंडाशी नेल्याची खूण केली आणि म्हणाली, "या जेवाया, समद्यांनी." किर्स्टन हसली. छातीवर हात ठेवून म्हणाली, "नको, नको. धन्यवाद."

पाहुण्याने आधी दोनदा नको म्हणायचं आणि यजमानाने तिसऱ्यांदा हात धरून बसवायचं, ही इकडची रीत. गोदूबाई एरवी पाहुण्याला दाराबाहेर पडू द्यायची नाही. पण हा नको तिच्या ओळखीचा होता. वीस वर्षांपूर्वी अंगणात ऐकलेलाच, फक्त दुसऱ्या देशातून आलेला. तिने दुसऱ्यांदा विचारलं नाही. घरी येऊन बुधाजीला म्हणाली, "लांबून आली म्हनून काय झालं, मानसं ती मानसंच." त्या रात्री ती जेवली नाही आणि पोट बिघडलंय असं सांगितलं.

दुसऱ्या दिवसापासून बटाटे सुरू झाले. सकाळी उकडलेले, दुपारी कुस्करलेले, संध्याकाळी दुधाच्या पांढऱ्या रश्श्यात. सोबत कर्जतच्या बेकरीतला पाव आणि शेवटी कस्टर्ड. माथेरानला ज्याची तारीफ व्हायची तेच सगळं. पाहुणे ताट चाटूनपुसून संपवत आणि रोज धन्यवाद म्हणत. येन्स कमरेत बारीक होत चालला. तो कामाने, असं सगळ्यांनी धरलं.

पाच आठवडे हे असं चाललं. भिंती उठल्या, वासे चढले, कौलं टाकून झाली. लेना मात्र वस्तीतल्या पोरींत राहून बोलायला शिकली, आणि वस्तीत जे बोलतात तेच शिकली.

रविवारी दुपारच्या गाडीने पाहुणे जायचे होते, स्टेशनवर न्यायला तात्या जीप आणणार होते. शुक्रवारी गोदूबाई शेडमध्ये बटाटे सोलत होती. लेना शेजारी येऊन बसली, तिने टोपलीकडे नीट बघून घेतलं आणि विचारलं, "गोदूबाई, तू घरी पन बटाटा खाते?"

"मी कशाला खाऊ?"

"मंग काय खाते?"

"भाकरी. सुकट. वालाचं बिरडं. तुला काय करायचं गं?"

लेनाने थोडा विचार केला. "आमाला घरी खायला मना हाय," ती म्हणाली. "तात्या बोलला. आमी तुज्या घरी खाल्लं, तर तू उपाशी ऱ्हानार. म्हनून नको बोलायचं. पयला शब्द तात्यानं तोच शिकवला."

गोदूबाईच्या हातातला बटाटा तसाच राहिला. पाच आठवडे ती ज्या नकोवर चडफडत होती, तो पाहुण्यांचा नव्हताच. आनंद व्हायला हवा होता, तो झालाही. पण आधी राग आला, आणि तो कोणावर काढायचा हे नक्की ठरेना. तात्या खोटं बोलले नव्हते. वस्तीत उपास पडलेले त्यांनी पाहिले होते. मात्र तिच्या घरी नवरा खोपोलीच्या कारखान्यात कामाला होता आणि वर्षाचा तांदूळ भरलेला होता, हेही त्यांना माहीत होतं.

"आयेला सांग," ती म्हणाली, "गोदूबाईच्या घरी कनगी भरून भात हाय. परवा निघायच्या आधी जेवूनच जायाचं. आनि या बारीला नको बोललात, तर जीपच्या आडवी निजंन म्हनावं."

लेना धावत गेली आणि धावत परत आली. "येतो," ती म्हणाली.

मग दोन दिवस गोदूबाईचा जीव थाऱ्यावर नव्हता. घर सारवून झालं. शेजारच्या सहदेवच्या घरून स्टीलची ताटं आणली. आणि रविवारी सकाळी पाहुणे सतरंजीवर येऊन बसले तेव्हा तिने त्यांच्या पुढे वाढले उकडलेले बटाटे.

बुधाजीने तिला आदल्या दिवशी सांगून पाहिलं होतं. "अगं, भाकरी कर ना. ते रोज तेच खात्यात." पण ती ऐकेल तर शपथ. "घरी बोलवायचं आनि सुकट वाढायची? माज्या हातात हॉटेलची कला हाय." ज्या दिवसाची तिने वीस वर्षं वाट पाहिली, त्या दिवशी स्वतःचं रोजचं जेवण पुढे ठेवायची तिची छाती झाली नाही. नको म्हणाले तर बटाट्याला म्हणोत, असंही कुठेतरी मनात असावं.

येन्सने ताटाकडे पाहिलं. बटाट्यांची आणि त्याची आता जुनी ओळख होती. किर्स्टन म्हणाली, "छान," आणि चमचा उचलला. 

मागच्या पडवीत बुधाजी दुसऱ्या पाळीला जायचा म्हणून लवकर जेवायला बसला होता. त्याची सुकट कांद्यावर परतलेली होती आणि वास घरभर फिरत होता. लेनाने मान वळवली. आपलं ताट उचललं, पडवीत गेली आणि बुधाजीच्या समोर मांडी घालून बसली. "मला पन," ती म्हणाली.

बुधाजीला रीतभात कधीच जमली नव्हती. त्याने आपल्यासमोरची भाकरी मोडली, अर्धी तिला दिली आणि वर सुकट घातली. लेनाने घास घेतला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ती ओरडून आपल्या भाषेत काहीतरी म्हणाली. मग किर्स्टन उठली. मग येन्स उठला, ताट तिथेच ठेवून.

गोदूबाई कस्टर्डचं पातेलं हातात धरून मधल्या दारात उभी राहिली. तिला रडू आलं, आणि पाच आठवड्यांच्या बटाट्यांची मनस्वी लाज वाटली. मग तिने पातेलं खाली ठेवलं, चुलीत दोन काटक्या सारल्या आणि पीठ मळायला घेतलं. येन्सने चार भाकऱ्या खाल्ल्या. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता, नाक लाल झालं होतं, आणि पाचवीला तो नको म्हणाला तेव्हा गोदूबाईने रीतीप्रमाणे त्याचा हात धरून वाढली.

बाहेर जीपचा भोंगा वाजला. तात्या नेहमीप्रमाणे अंगणात थांबले आणि त्यांनी तिथूनच हाका मारल्या. आतून कोणी येईना. गाडीची वेळ होत आली, म्हणून अखेर ते वळसा घालून मागच्या पडवीशी आले आणि तिथेच उभे राहिले. पाहुणे भुईवर बसून बोटं चाटत होते.

"तात्या, बस," लेना म्हणाली. वस्तीत तिला अहो-जाहो कोणी शिकवलं नव्हतं. ती थोडी सरकली आणि एक भाकरी मोडून तिने तात्यांच्या पुढे धरली.

गोदूबाई तव्याशीच बसून राहिली. या म्हणाली नाही. बोलावून नकार घ्यायची तिची हौस कधीच फिटली होती. तिने भाकरी उलटली आणि ती फुगायची वाट पाहिली.

तात्यांनी येन्सकडे पाहिलं, किर्स्टनकडे पाहिलं, लेनाच्या लांब केलेल्या हाताकडे पाहिलं. मग ते खाली वाकले आणि वहाणा काढू लागले. वहाणा काढायला त्यांना बराच वेळ लागला. लेनाच्या शेजारी बसून त्यांनी एक रिकामं ताट पुढे ओढलं आणि भाकरी-सुकटीचा घास घेतला, मग दुसरा.

"गोदूबाई," ते खाली बघतच म्हणाले, "जरा मीठ वाढतेस?"

सुकटीत मीठ कमी नव्हतं. सुकटीत ते कधी कमी नसतंच, हे सगळ्या पडवीला माहीत होतं. गोदूबाई उठली, गुडघ्यांनी केलेली कुरकुर तिला जाणवली नाही. तिने बरणीतलं मीठ आणलं आणि ताटाच्या कडेला चिमूटभर वाढलं. येन्सने त्याच वेळी कॅमेरा काढला. पाहुण्यांची दुपारची गाडी चुकली, ते पुढच्या गाडीने गेले.

जूनमध्ये डेन्मार्कहून फोटो आला. तो दाराच्या वर, बाबासाहेबांच्या तसबिरीखाली लागला. कोणी नवीन आलं, की फोटोतल्या त्या गोऱ्या बाई आणि पोरगी कोण म्हणून विचारी. "ती व्हय? पाव्हनी होती," गोदूबाई म्हणे, आणि बोट पुढे सरकवी. "हे बघा. हे आमचे तात्या. मीठ मागत्यात."